डॉक्टर, माझ्या आईच्या पाठीला कुणी हातच लावला नाही

आमच्या तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या आणि मिरजेच्या वाटेवरच्या सर्व डॉक्टरांना, सिस्टरांना आणि दवाखाने चालवणाऱ्यांना,

स. न. वि. वि.

मी ब्लाउज शिवते. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावात, बाजारपेठेमागच्या बोळात माझं दुकान आहे. दोन मशिनी, एक पिको-फॉलची, आणि खिळ्याला सुतळीने बांधलेली मापवही. बाई आली की मी आधी टेप लावते, मग वहीत लिहिते, मग कापड उलगडते. ‘जुनंच माप आहे’ म्हणाली तरी लावते, कारण सहा महिन्यांत अंग बदलतं आणि ज्याचं त्याला ते कळत नाही. या वहीत माझ्या आईचीही मापं आहेत, तारखांसकट. हे पत्र त्या मापांमुळे लिहिते आहे.

२०२२ च्या दिवाळीत चकल्या पाडता पाडता आई मध्येच उठली आणि भिंतीला पाठ टेकून बसली. वय ५८. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जरा खाली, दुखत होतं. “काय न्हाय गं, बसून बसून धरलीया,” म्हणाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कमरेत सुई मारली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या होत्या तोवर बरं वाटलं. डिसेंबरात सरकारी दवाखान्यात दोन तास रांगेत उभं राहून कॅल्शियमच्या गोळ्या आणि मलमाची ट्यूब मिळाली. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही, आमच्या मागे रांग पार फाटकापर्यंत गेली होती. जानेवारीत हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला, उजेडाच्या पाटीवर लावला, “मणक्यात गॅप आहे, वयोमानाने झीज होतेच,” म्हणाले आणि पट्टा लिहून दिला. पट्टा कमरेचा. दुखत होतं ते पट्ट्याच्या वीतभर वर.

आम्हीही शहाणे होतो असं नाही. शेजारच्या गावात एक मालीशवाला आहे. त्याच्याकडे दादाने आईला तीनदा नेलं. तो पाठीवर गुडघा देऊन कडाकडा आवाज काढायचा. सगळ्यांत आईच्या पाठीला हात लावणारा तो एकटाच निघाला, आणि नेमका त्याने लावायला नको होता.

आता वहीतली तारीख सांगते: १२ फेब्रुवारी २०२३. आई म्हणाली, ब्लाउज मागून वर चढतोय. माझ्या हातचा ब्लाउज वर चढत नाही. म्हणून तिला उभं केलं आणि टेप लावला. दिवाळीत छाती ३६ होती, ती साडेचौतीस भरली. पाठीची उंची मात्र अर्धा इंच वाढलेली. पुढे झोळ आणि मागे ताण. हे दोन्ही एकदम होत नाही. बाई वाळली की चारी बाजूंनी वाळते, तिची पाठ लांब होत नाही. मी टेप खाली ठेवला आणि बोट फिरवत खाली गेले. मणक्यांच्या रांगेत एक मणी बाहेर आला होता, बोराएवढा. दाबला तर आई कळवळली.

पुढच्या खेपेला मी हाडांच्या डॉक्टरांना हे सांगितलं. कागदावरून नजर न उचलता ते म्हणाले, “ताई, तुम्ही टेलर ना? मग पोक आलेल्या बायका रोजच बघत असाल.” शेजारी बॅग मांडीवर घेऊन औषध कंपनीचे एक एमआर बसले होते, त्यांनी हसून दाद दिली. डॉक्टरसाहेब, तुम्हाला हे आठवत नसेल. मला त्या एमआरच्या टायवरच्या रेघासुद्धा आठवतात. तुमच्या घरचे ब्लाउज आजही माझ्याकडेच येतात आणि मी ते नीट शिवते, एवढं या निमित्ताने सांगून ठेवते.

मार्चपासून संध्याकाळची कणकण सुरू झाली. रात्री उशी घामाने भिजायची. दुसऱ्या एका दवाखान्यात रक्त तपासलं. आमच्याकडे ताप म्हटला की विडाल, आणि विडाल केली की टायफॉइड, हे ठरलेलंच. पाच दिवस सलाइन लागलं. कणकण तशीच. दिवाळीपासूनच्या आठ महिन्यांत आम्ही पाच दवाखाने फिरलो. वजनकाटा प्रत्येक ठिकाणी होता, एका ठिकाणी त्याच्यावर औषधांचे खोके रचून ठेवलेले होते. आईला मात्र एकदाही कुणी त्यावर उभं केलं नाही. माझ्या वहीत एप्रिलअखेर छाती साडेतेहतीस आहे.

एप्रिलमध्येच जिल्ह्याच्या ठिकाणी एकाने पाठीत इंजेक्शन दिलं. आठ हजार रुपये. दहा दिवस आई घरभर फिरली, मला वाटलं देव पावला. मग दुखणं दुपटीने परत आलं. ते स्टिरॉइड होतं. आत जंतूंनी घर केलेलं असताना स्टिरॉइड दिलं की अंगाचा पहारा ढिला पडतो. मला हे नंतर कळलं. सुई हातात धरणाऱ्याला आधी कळायला हवं होतं.

मग मे महिना. चुलतभावाचं लग्न. जेवणं उरकून कार्यालयातून घरी चालत येताना माझं लक्ष गेलं, आईच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. “आई, चप्पल?” तिने खाली पाहिलं आणि तीच चमकली. दुपारचे दोन वाजलेले, माणदेशातला मे, डांबर पाघळत होतं. आम्ही मागे जाऊन पाहिलं तर चप्पल पार कार्यालयाच्या कमानीत पडलेली. तेवढं अंतर ती अनवाणी पायाने डांबरावरून चालत आली होती आणि तिला चटका बसला नव्हता. तळव्याला फोड आले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच हाडांचे डॉक्टर. मी चपलेचं सांगितलं. “मुंग्या येतात का? बी-ट्वेल्व्ह कमी असणार.” एक दिवसाआड इंजेक्शनं लिहून दिली.

१६ जूनच्या रात्री आई संडासाला उठली आणि पाय तिच्याखाली राहिलेच नाहीत. लघवीही अडकली. गाडी करून शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात नेलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की बोलणं त्या नावाभोवतीच फिरत राहतं आणि आईची पाठ बाजूला पडते. दारातच महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा फलक होता. आमचं रेशनकार्ड केशरी. आरोग्यमित्राची खुर्ची होती, त्यात आरोग्यमित्र नव्हता. काउंटरवर सांगितलं, “हे पॅकेजमध्ये बसत नाही, तीस हजार डिपॉझिट भरा.” वहिनीच्या पाटल्या गेल्या.

तो शुक्रवार होता. एमआरआय सोमवारी, कारण सर बाहेरगावी. शनिवारी सकाळी आई उजव्या पायाची बोटं हलवत होती, मी स्वतः पाहिली. रविवारी दुपारी बोटं हलेनात. मी धावत सिस्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, “राउंडला सांगा.” संध्याकाळच्या राउंडला आलेल्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “फाइलमध्ये तसं काही लिहिलेलं नाही.” कोण लिहिणार होतं? मी?

सोमवारी एमआरआय झाला. “गाठ वाटतेय, कॅन्सरही असू शकतो, तुकडा काढायला बाहेरचे सर्जन येतील.” त्यांची वाट बघण्यात आणखी आठ दिवस गेले. कॅन्सर हा शब्द खाटेच्या पायथ्याशी उभं राहून उच्चारला होता. आई जागी होती. त्यानंतर तिने जेवण सोडलं.

त्या मजल्यावर रात्री एकच सिस्टर असायची. ती कधी बसलेली मी पाहिली नाही, तिच्यावर माझा राग नाही. चादर बदलायला मावशींना शंभर रुपये द्यावे लागायचे, त्यांचा पगार किती हे ऐकल्यावर तोही राग मावळला. पण आई अकरा दिवस एकाच कुशीवर, म्हणजे खरं तर उताणीच, पडून होती. पाचव्या दिवशी माकडहाडावर लाल डाग दिसला. “पावडर लावा.” अकराव्या दिवशी तिथे दहाच्या नाण्यापेक्षा मोठं भोक होतं आणि आत पांढरं दिसत होतं. पाय गेलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. हे एक वाक्य पहिल्या रात्री कुणी बोललं असतं तर आम्ही तीन भावंडांनी पाळ्या लावून चोवीस तास ते केलं असतं. आम्ही तिथेच, खाटेखाली चटई टाकून, रिकाम्या हातांनी झोपत होतो.

बारा दिवसांचं बिल एक लाख चौऱ्याऐंशी हजार झालं. ऑपरेशनचा अंदाज साडेचार लाख सांगितला तेव्हा दादा म्हणाला, मिरजेला जाऊ. आमच्या भागात शेवटचा शब्द तोच असतो. फाइल मागितली तर “फाइल हॉस्पिटलची प्रॉपर्टी आहे” म्हणून अर्ध्या पानाचं डिस्चार्ज कार्ड दिलं. एमआरआयच्या फिल्म तेवढ्या मिळाल्या, त्यांचे पैसे आम्ही वेगळे भरले होते म्हणून.

मिरजेत ज्या डॉक्टर समोर आल्या त्या माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या असतील. डोळे झोपेने सुजलेले. त्यांनी फिल्म बाजूला ठेवल्या. पडदा ओढला, आईला कुशीवर वळवायला आम्हाला हात लावायला सांगितलं, ब्लाउजची हुकं काढली आणि मानेपासून एक बोट मणक्यांवरून खाली आणलं. मी जिथे थांबले होते तिथेच ते बोट थांबलं. त्यांनी मुठीने हलकेच ठोकलं. आई ओरडली. “हे कधीपासून आहे?”

सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल.

मी म्हटलं, १२ फेब्रुवारीपासून. त्या थांबल्या. “तारीख कशी काय माहीत?” मी पिशवीतून वही काढली. का कोण जाणे, घरून निघताना ती मी बरोबर घेतली होती. त्यांनी पान पाहिलं, छातीची मापं एकाखाली एक वाचली, पाठीची उंची वाचली आणि केसपेपरवर लिहून घेतली. आठ महिन्यांत माझं बोलणं कुणी कागदावर उतरवलं ते तेव्हा पहिल्यांदा.

त्यांनी कागदावर लिहिलं ते मी विचारलं तेव्हा “पॉट्स स्पाइन” म्हणाल्या. मला ‘पोट’ ऐकू आलं. म्हटलं, मॅडम, हिचं पोट नाही, पाठ दुखते. त्या थकलेल्या चेहऱ्याने हसल्या आणि मग समजावलं: पॉट्स स्पाइन म्हणजे मणक्याचा टीबी. पर्सिव्हल पॉट नावाच्या लंडनच्या सर्जनने १७७९ साली लिहून ठेवलंय की पाठीला असं टोक आलेल्या माणसांचे पाय जातात. तेव्हा एक्स-रे नव्हता. टीबीचा जंतू सापडायलाही शंभर वर्षं अवकाश होता, रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने तो १८८२ मध्ये दाखवला. पॉटकडे दोन डोळे आणि दहा बोटं होती.

“पण हिला खोकला नाही,” मी म्हटलं. कारण टीबी म्हणजे खोकला, हेच एसटी स्टँडवरच्या भिंतीवर वाचत आलेय. मणक्याच्या टीबीला खोकला लागत नाही. साधारण पाचातल्या एकाला टीबी फुफ्फुसाबाहेर होतो, गाठीत, पोटात, मेंदूच्या आवरणात, हाडात. आणि हाडात झाला तर सगळ्यांत जास्त वेळा मणक्यात. एक्स-रेवर तो उशिरा उमटतो, हाडाचा तिसरा हिस्सा ते निम्मं हाड पोखरलं गेल्यावर. म्हणजे जानेवारीतला एक्स-रे खोटं बोलला नव्हता, त्याला अजून दिसतच नव्हतं. फेब्रुवारीत बोटाला लागत होतं. दुसरा एक्स-रे मात्र कुणी काढला नाही, पहिल्याच फिल्मवर पाच महिने काढले.

पुढचं भरभर सांगते. योजनेत ऑपरेशन झालं, म्हणजे पॅकेजमध्ये बसत होतं. आतून पू काढला, त्याची सीबीनॅट तपासणी झाली, टीबी निघाला, आणि नेहमीच्या औषधांना दाद देणारा निघाला. दोन महिने चार औषधं, मग तीन. मणक्याच्या टीबीला वर्षभर तरी गोळ्या घ्याव्या लागतात, आईच्या अठरा महिने चालल्या. पहिल्या आठवड्यात लघवी नारिंगी झाली म्हणून ती रडत बसली, रक्त पडतंय समजून. ते त्या औषधामुळे होतं हे आशाताईंनी घरी येऊन सांगितलं. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये सरकारी गोळ्यांचाच तुटवडा पडला, देशभर पडला होता; आम्हाला एका वेळी आठवड्याच्याच मिळायच्या, आणि आशाताई त्या पदराला गाठ मारून आणायच्या. पोषण आहाराचे महिन्याचे ५०० रुपये खात्यात यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. जानेवारी २०२५ मध्ये गोळ्या थांबल्या. आज आई वॉकर धरून मोरीपर्यंत जाते. डावा पाय ओढत जाते. जमिनीवर मांडी घालून बसणं संपलं, म्हणजे चकल्या संपल्या, देवापुढे बसणं संपलं, पंगतीतलं जेवण संपलं.

आता तुम्हाला काय सांगायचं आहे ते.

जगातल्या चार टीबी रुग्णांमागे एक आपल्या देशात आहे. तुमच्या बाकावर रोज पाठ धरून बसलेल्या बायकांत बहुतेकींना नुसतीच झीज असते, हे मला मान्य आहे. पण एखादी रात्री दुखतं म्हणून उठून बसते, एखादी वाळत चालली आहे, एखादीला संध्याकाळी कणकण येते. तिला काट्यावर उभं करा. काट्यावरचे खोके खाली ठेवा. पदर बाजूला करायला सांगायचा संकोच वाटत असेल तर पडदा लावा, सिस्टरांना बोलवा, मला बोलवा. नुसत्या बोटाने फिल्म वाचण्याआधी त्याच बोटाने पाठ वाचा. आणि त्याच दुखण्यासाठी तिसऱ्यांदा आलेल्या बाईला तिसरी गोळी लिहिण्याआधी पहिल्या दोन चिठ्ठ्या मागा. आईच्या पिशवीत त्या सगळ्या होत्या, पाचही दवाखान्यांच्या, रबर लावून. कुणी रबर काढलं नाही.

तुमच्या प्रत्येक दवाखान्यात २०१० च्या कायद्याची पाटी असते: डॉक्टरांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. ती असावीच. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांची मला चीड आहे, मिरजेच्या त्या मुलीवर कुणी हात उगारला तर मी मध्ये पडेन. पण २०२१ मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृहांचे नियम सुधारले, त्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल अशा जागी लावायला सांगितलं आहे. अकरा रात्री त्या रुग्णालयाच्या भिंती वाचत काढल्यात मी. पहिली पाटी तीन ठिकाणी होती. दुसरी कुठेच नव्हती.

वकील असलेले एक नातेवाईक म्हणतात, ग्राहक आयोगात जा, १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून डॉक्टरी सेवाही त्यात येते. जायचं की नाही ते आमचं ठरलेलं नाही. दुकान बंद ठेवून तारखा करायच्या म्हणजे काय ते मला माहीत आहे. सध्या मला फक्त फाइल हवी आहे. रविवार, १८ जून २०२३ च्या दुपारी माझ्या आईची बोटं हलायची थांबली हे त्या फाइलमध्ये कुणी लिहिलं आहे की नाही, एवढंच मला बघायचं आहे. मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे की रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे. मी जुलै २०२३ मध्ये तोंडी मागितले, हाकलून दिलं. ऑगस्टमध्ये लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला, पोचपावती आली, उत्तर आलं नाही. त्याच नियमात असंही आहे की कागद तीन वर्षं जपून ठेवायचे. जून २०२६ मध्ये ती तीन वर्षं भरतात.

म्हणून या पत्रासोबत त्या रुग्णालयाला तिसरा अर्ज धाडते आहे. झेरॉक्सचे पैसे मी देईन.

आपली,
बाजारपेठेमागची ब्लाउजवाली

ता. क. आईचं या महिन्याचं माप: छाती ३५, कंबर ३१, पाठीची उंची नेहमीपेक्षा दीड इंच जास्त. ऑपरेशनच्या व्रणावर शिवण घासते म्हणून पाठीची मधली शिवण काढून टाकली आहे आणि आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं आहे.